गुरुवारी रुसणारी हायब्रिड

सेकंडहॅण्ड हायब्रिड घेतलीय? डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गॅरेजवाल्याने लाखांचं एस्टिमेट हातात ठेवलं? थांबा! चेकबुक काढण्याआधी एक साधा मल्टिमीटर काढा. कोपरगावच्या मामाच्या गाडीने आम्हाला शिकवलेला हा फंडा...

मे महिना. मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी उरकायला मी पुण्याहून कोपरगावला पोहोचले होते. नगर-मनमाड रोडवरचे खड्डे मोजून कंबरेचा पार भुगा झालेला. घरात शिरले तर वातावरण एकदम टाइट. मामी गप्प, आजी गप्प, आणि मामा ओट्यावर बसून एका कागदाकडे टक लावून पाहतोय. मला वाटलं, मंगल कार्यालयाचं बिल असणार. पण तो कागद होता मामाच्या लाडक्या गाडीच्या रिपेअरिंगचं एस्टिमेट!

मामाची गाडी म्हणजे गल्लीतलं आकर्षण. बारा-तेरा वर्षांची, मोठ्ठी, चकाचक हायब्रिड सेडान. २०१९ मध्ये त्याने ती पुण्यातल्या एका साहेबांकडून सेकंडहॅण्ड उचलली. सिग्नलला इंजिन बंद होतं, गल्लीतून आवाज न करता सरकते, आणि एवढं धूड असूनही पेट्रोल बेताचं पिते. मामा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून मागच्या सीटवर बसवायचा आणि म्हणायचा, "ऐक... काही ऐकू येतंय का? नाही ना? हीच तर गंमत आहे!"

एप्रिलपासून मात्र गंमत संपली होती. आजीच्या डोळ्यांची ट्रीटमेंट नाशिकला चालू आहे. अपॉइंटमेंट दर गुरुवारी. आणि नेमकी दर गुरुवारीच गाडी रुसायची! बटण दाबलं की डॅशबोर्डवर दिवाळी. लाल त्रिकोण, इंजिनचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि 'हायब्रिड सिस्टिम तपासा' असा मेसेज. कधी जंप स्टार्टने उठायची, कधी तेवढंही नाही. दोनदा भाड्याची गाडी करावी लागली, एकदा अपॉइंटमेंटच बुडाली. आजी म्हणायची, "अरे, गुरुवार बाबांचा. शिर्डी इथं उशाला आणि आपण नाशिकला पळतोय. गाडीला कळतं, तुम्हाला कळत नाही."

वर्कशॉपचं निदान मात्र आजीइतकं आध्यात्मिक नव्हतं. 'हाय व्होल्टेज बॅटरी पॅक बदलणे.' आणि समोरचा आकडा? गाडीच्या आजच्या बाजारभावापेक्षा मोठा! एक एजंट तर गाडी भंगारच्या भावात उचलायला टपूनच बसला होता. मामाचं जवळपास ठरलं होतं. लग्न तोंडावर, हातात पैसा नाही, गाडी देऊन टाकायची. आजीला यापुढे एसटीने न्यायचं. वय वर्षं एक्याऐंशी!

आधी थोडी हिस्टरी

"हायब्रिड म्हणजे नवीन फॅड" असं तुम्हाला वाटत असेल तर जरा थांबा. टोयोटाची प्रियस जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीला आली. आपल्याकडे होंडाने २००८ मध्ये सिव्हिक हायब्रिड आणली, किंमत साडेएकवीस लाख! गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून त्याच वर्षी तब्बल आठ लाखांची सूट द्यावी लागली. २०१० मध्ये प्रियस इथे आली आणि २०१३ मध्ये बिडदीच्या कारखान्यात तयार झालेली कॅमरी हायब्रिड. २०१५ मध्ये मारुतीने सियाझ आणि अर्टिगाच्या डिझेल मॉडेल्सना 'एसएचव्हीएस' जोडलं आणि हायब्रिड हा शब्द तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मोठ्या हायब्रिड गाड्यांवर २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के सेस, म्हणजे ४३ टक्के टॅक्स. मार्केट थंड पडलं. २०२२ मध्ये होंडा सिटी, हायरायडर, ग्रँड व्हिटारा यांनी पुन्हा धमाल सुरू केली.

याचा अर्थ असा, की पहिल्या लाटेतल्या गाड्या आता दहा ते सतरा वर्षांच्या झाल्यात आणि सेकंडहॅण्ड बाजारात मोहात पाडणाऱ्या भावात मिळतायत. आयटीतल्या कितीतरी मुलामुलींची पहिली 'मोठी गाडी' हीच असते. गाडी स्वस्त मिळते, पण सोबत एक भीती फुकट येते. बॅटरी गेली तर?

एक नाही, दोन बॅटऱ्या!

आमच्या घरातला हिरो म्हणजे मामेभाऊ. इलेक्ट्रिकलचा इंजिनिअर, सध्या चाकणला नोकरी, लग्नासाठी सुट्टीवर. त्याने एस्टिमेट पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठली बॅटरी?"

मामा म्हणाला, "कुठली म्हणजे? बॅटरी एकच असते ना!"

नेमकं इथेच बहुतेक जण फसतात. फुल हायब्रिड गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक मोठी, बहुतेक वेळा मागच्या सीटच्या पाठीशी लपलेली. जुन्या गाड्यांमध्ये ती निकेल-मेटल हायड्राइडची. एकेक सेल फक्त १.२ व्होल्टचा, पण एकामागोमाग एक जोडून तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये असे १६८ सेल, म्हणजे २०१.६ व्होल्ट. तिला प्लग लावून चार्ज करायचं नसतं. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद आणि इंजिनची उरलेली ताकद यांवर ती भरते.

दुसरी छोटी, तुमच्या-आमच्या नेहमीच्या गाडीतली १२ व्होल्टची. कित्येक मॉडेल्समध्ये ती बॉनेटखाली नाही, डिकीत असते. ती इंजिन फिरवत नाही, ते काम मोठीचं. मग छोटीचं काम काय? ती गाडीतले कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा रिले ओढून तिला गाडीशी जोडते. भाऊ म्हणाला, "पप्पा, देवळात देव मोठा, पण गाभाऱ्याची किल्ली पुजाऱ्याच्या कमरेला. पुजारी झोपला तर देव आतच!"

म्हणजे छोटी बॅटरी मेली की मोठी ठणठणीत असूनही गाडी उठत नाही. त्यात कॉम्प्युटरना पुरेसा व्होल्टेज मिळाला नाही तर ते गोंधळतात आणि भलभलते फॉल्ट कोड नोंदवतात. डॅशबोर्डवरची दिवाळी कित्येकदा या गोंधळाची असते.

टेस्ट नंबर एक : छोटीची नाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीला हात न लावता, भावाने डिकी उघडली आणि मल्टिमीटर लावला. ११.६ व्होल्ट.

हे आकडे पाठच करून टाका. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत निरोगी १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास अर्धी रिकामी. १२ च्या खाली म्हणजे आयसीयू.

मग गाडी जंप देऊन 'रेडी' केली. आता मीटर १४.१ वर. इथे एक महत्त्वाची गोष्ट. अशा गाड्यांमध्ये साध्या गाडीसारखा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीचा दोनशेच्या वरचा व्होल्टेज खाली उतरवून छोटीला चार्ज करतो तो डीसी-डीसी कन्व्हर्टर. रेडी असताना मीटर साधारण १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक. १२.५ वरच अडकला असेल, तर दोष कन्व्हर्टरमध्ये, त्याच्या फ्यूजमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधायचा.

आमचा मीटर १४.१. म्हणजे चार्जिंग झकास. मग छोटी रिकामी का होते? चार वर्षं जुनी होती, म्हणजे वय झालेलं. पण नुसतं वय असतं तर रोजच रुसली असती. गुरुवारच का?

टेस्ट नंबर दोन : रात्री चोरी कोण करतं?

उत्तर मामाच्या टाइमटेबलमध्ये होतं. मामाचं दुकान आहे. सोमवार ते बुधवार तो स्कूटरवर. गाडी निघते रविवारी, कधी बेटातल्या शुक्राचार्यांच्या दर्शनाला, कधी शिर्डीला, कधी मामीच्या माहेरी येवल्याला. रविवारी रात्री गाडी लागली की थेट गुरुवारी पहाटे. साडेतीन दिवस नुसती उभी!

मग भावाने केली 'पॅरासायटिक ड्रेन'ची टेस्ट. साध्या मराठीत, गाडी झोपलेली असताना कोण करंट खातंय ते शोधणं. गाडी लॉक केली, किल्ली लांब घरात ठेवली (स्मार्ट की जवळ असेल तर गाडी झोपतच नाही), अर्धा तास थांबलो, आणि बॅटरीच्या निगेटिव्ह वायरच्या मध्ये मीटर जोडून करंट मोजला. झोपलेल्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर सगळं ठीक. आमच्याकडे होता २८०!

आता शाळेतलं गणित. ०.२८ अँपिअर गुणिले ८४ तास, म्हणजे साधारण साडेतेवीस अँपिअर-अवर. बॅटरीवर ४५ लिहिलेलं, पण चार वर्षांनी तिच्यात खरं किती उरलं असेल? रविवारी रात्री भरलेला हंडा गुरुवारी पहाटे रिकामा. बाबांचा काही संबंध नव्हता हो आजी!

एकेक फ्यूज काढून पाहिला, आकडा हलेना. म्हणजे चोर फ्यूजबॉक्सच्या बाहेरचा. डिकीतलं कार्पेट उचललं तर बॅटरीला थेट जोडलेली दोन वायर्सची जोडी! मागच्या वर्षी शेजारच्या गल्लीत गाडी चोरीला गेली, तेव्हा मामाने घाबरून लोकल इलेक्ट्रिशियनकडून ट्रॅकर आणि 'पार्किंग मोड'वाला डॅशकॅम बसवला होता. चोराला पकडायला बसवलेला कॅमेराच रोज रात्री करंट चोरत होता. तो काढल्यावर मीटर ३० मिलिअँपिअर. मामाचा चेहरा बघण्यासारखा होता.

डॅशकॅम आता किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवर गेला. छोटी बॅटरी नवी आली, पण योग्य जातीची. डिकीत, म्हणजे माणसं बसतात त्याच जागेत, बॅटरी असते तेव्हा ती सील्ड आणि गॅस बाहेर नेणारी नळी लागणारी असावी लागते. दुकानदार "हीपण चालेल" म्हणाला तरी घेऊ नका.

पण एस्टिमेट खोटं होतं का?

इथे आम्ही सगळे नाचायलाच लागलो होतो. मामीने शिरा केला. भाऊ मात्र एस्टिमेटचा कागद उलटा करून वाचत होता. मागच्या पानावर वर्कशॉपच्या स्कॅनरची प्रिंट होती. सात कोड. सहा कमी व्होल्टेजचे आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नसल्याचे, म्हणजे छोटीच्या गोंधळातले. सातवा मात्र वेगळा. पी-०-ए-८०. अर्थ सरळ, मोठा पॅक खराब, बदला.

आणि हा कोड छोटीच्या रुसण्याने येत नाही. मोठ्या पॅकमधले सेल ब्लॉकमध्ये वाटलेले असतात. एका ब्लॉकचा व्होल्टेज बाकीच्यांपासून फार लांब गेला की कॉम्प्युटर हा कोड टाकतो. उसाच्या गाडीला जुंपलेल्या जोडीतला एक बैल लंगडला की दुसरा कितीही तगडा असो, गाडी लंगड्याच्याच चालीने जाते. इथेही तसंच. सेल एकामागोमाग एक जोडलेले, म्हणून सगळ्यात अशक्त सेल सगळ्या पॅकची ताकद ठरवतो.

म्हणजे वर्कशॉप खोटं बोलत नव्हतं. आजार दोन होते आणि लक्षणं एकमेकांत गुंतलेली. वर्कशॉपने मोठा पकडला, छोटा सोडला. आम्ही छोटा पकडून शिरा खाल्ला. दोघांचं निदान अर्धवट!

त्याच प्रिंटवर कोडच्या खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ होती. तिला 'फ्रीझ फ्रेम' म्हणतात. फॉल्ट आला त्या क्षणी गाडीत काय चाललं होतं, त्याचा फोटोच म्हणा. त्यात बॅटरीचं तापमान लिहिलं होतं, ५२ अंश. निकेल-मेटल हायड्राइडला उष्णता म्हणजे शत्रू. तापलेल्या पॅकमध्ये आधीच थकलेला ब्लॉक अजून मागे पडतो.

मला लख्खकन् आठवलं. मागच्या वेळी नाशिकहून येताना आजी म्हणाली होती, "या गाडीला दम लागतो का गं? माझ्या कानाशी सारखी फूं-फूं करते." आम्ही हसलो होतो. ती फूं-फूं म्हणजे बॅटरीचा कूलिंग फॅन फुल स्पीडने फिरत होता! अख्ख्या घरात पहिलं निदान आजीचं, आणि ते कुणी ऐकलंच नाही.

आजीची गोधडी

मोठ्या बॅटरीला थंड ठेवायला केबिनमधलीच एसीची हवा ओढली जाते. मागच्या सीटच्या बाजूला एक छोटी जाळी असते, तिथून. कित्येक मालकांना ती जाळी म्हणजे स्पीकर वाटते. आमच्या गाडीत त्या जाळीवर काय होतं? आजीची घडी केलेली गोधडी आणि वर उशी. नाशिकच्या प्रवासात पाठ दुखू नये म्हणून मामीने मायेने ठेवलेली.

गोधडी उचलली तर खाली जाळीवर धुळीचा जाड थर. आपल्या भागात ऊसतोडणीचा हंगाम म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे महिनोन् महिने चालायचं. पाचटाचा भुसा, रस्त्याची माती, वर गोधडीचे तंतू. बाहेर चाळिशी पार केलेला पारा आणि आत श्वास कोंडलेली बॅटरी!

जाळी आम्ही व्हॅक्युमने साफ केली. पण आतला फॅन? तिथे भावाने हात जोडले. आतमध्ये जाड केशरी केबल्स असतात. हा रंग म्हणजे हाय व्होल्टेजची खूण, आणि दोनशे व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. त्याला हात लावणारा ट्रेण्ड टेक्निशियन आधी १००० व्होल्टचे इन्सुलेटेड ग्लोव्हज घालतो, मग सर्व्हिस प्लग काढतो, कपॅसिटर रिकामे व्हायला साधारण दहा मिनिटं थांबतो आणि मीटरने शून्य पाहूनच पाना लावतो. यूट्यूब पाहून हे करायचं धाडस अजिबात नको. इंजिनिअर असलात तरी!

नाशिकला हायब्रिडचं काम करणारा एक टेक्निशियन सापडला. त्याने फॅन काढला, त्याच्या पात्यांमध्ये अक्षरशः नमदा झाला होता. फॅन साफ झाला. ब्लॉक जोडणाऱ्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढला होता, तोही काढला. मग लॅपटॉप लावून मामाला गाडी चालवायला सांगितली. जोरात पिकअप, जोरात ब्रेक, तीन वेळा. स्क्रीनवर प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज नाचत होता.

निकाल? पॅकचं तापमान भर दुपारी चाळिशीच्या आत आलं. बाकीचे ब्लॉक एकत्र चालत होते. एक मात्र पिकअप घेताना अर्धा व्होल्ट मागे पडत होता. लंगडा बैल सापडला!

मग आता काय?

इथे मला सिनेमातला शेवट लिहायला आवडला असता. सगळं ठीक झालं, गाडी नवीकोरी. पण तसं नसतं. म्हातारी बॅटरी साफ केल्याने तरुण होत नाही. टेक्निशियनने मामासमोर स्पष्ट पर्याय मांडले.

एक, कंपनीचा नवा पॅक. सगळ्यात महाग, सगळ्यात निर्धास्त. दोन, दुरुस्त केलेला पॅक. स्वस्त, पण आतले मॉड्यूल कुठून आले आणि वॉरंटी लेखी आहे का, यावर सगळा खेळ. तीन, फक्त कमजोर मॉड्यूल बदलणं. आज स्वस्त, पण बाकीचेही त्याच वयाचे. सहा महिन्यांनी दुसरा लंगडू शकतो. चार, काहीच न बदलता लक्ष ठेवणं. फरक सतत एक व्होल्टच्या पुढे जायला लागला किंवा कोड परत आला, की मग निर्णय.

मामा बराच वेळ गोदावरीच्या पुलाकडे बघत बसला. मग म्हणाला, "चौथा. आणि दर महिन्याला पॅकसाठी थोडे पैसे बाजूला."

एजंटला फोनवर नकार गेला. लग्नात नवरीला न्यायला हीच गाडी सजली. त्यानंतरच्या प्रत्येक गुरुवारी ती पहाटे पहिल्या बटणाला उठली. नवी छोटी बॅटरी, फॅन आणि टेक्निशियनची मजुरी धरून झालेला खर्च एस्टिमेटच्या पासंगालाही पुरणार नाही, एवढा होता.

दिवाळीला गेले तेव्हा भावाने डोंगलवर आकडा पाहिला. तो ब्लॉक अजून मागेच आहे. थोडा जास्तच, खरं तर. ०.६ व्होल्ट. मामाला माहितीये. हा पॅक कधीतरी जाणार. फरक एवढाच, की आता तो रात्री दोनच्या फोनसारखा अचानक येणार नाही. आणि मधल्या काळात आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलंय, दुसऱ्याची तारीख लागलीय.

चेकलिस्ट : गाडी रुसली तर या क्रमाने!

• कोड डिलीट करू देऊ नका. आधी फ्रीझ फ्रेमसकट प्रिंट घ्या किंवा फोटो काढा. डॉक्टरकडे जाताना रिपोर्ट फाडून टाकतो का आपण?

• सुरुवात नेहमी १२ व्होल्टपासून. रात्रभर उभ्या गाडीत मोजा, मग रेडी मोडमध्ये मोजा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर आधी तो साफ.

• बाहेरून बसवलेली प्रत्येक वस्तू संशयित. म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर, डॅशकॅम, अलार्म. आणि ड्रेन मोजताना, मीटर मध्ये असताना गाडी चालू करायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल.

• साधा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि मोबाइल अॅप घ्या. प्रियस आणि तिच्या भावंडांसाठी 'डॉ. प्रियस'सारखी अॅप्स ब्लॉकचे व्होल्टेज आणि तापमान दाखवतात. गाडी विकत घेण्याआधीच हे पाहिलं तर अजून सही!

• मोठ्या बॅटरीची लक्षणं ओळखा. चार्जचे बार झरझर भरणं आणि तितक्याच झरझर उतरणं, इंजिन सारखं चालू राहणं, मायलेज घसरणं, मागून फॅनचा आवाज.

• मागच्या सीटजवळची जाळी मोकळी ठेवा. बॅग, उशी, कुत्रा, गोधडी काहीही नको! दर सर्व्हिसिंगला ती साफ करून घ्या.

• इन्व्हर्टरचं कूलंट वेगळ्या बाटलीत असतं. तिची लेव्हल पाहा. इन्व्हर्टर तापला तरी गाडी असहकार पुकारते.

• तुमच्या हायब्रिडवरून शेजाऱ्याच्या पिकअपला किंवा ट्रॅक्टरला जंप देऊ नका. छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर त्यासाठी बनलेले नाहीत. स्वतः जंप घेताना प्लस-मायनस उलट झालं तर मोठा फटका बसतो. शेजारधर्म मेकॅनिकला फोन लावून पाळा!

• गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी फिरवा. उभ्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या हळूहळू रिकाम्या होतात.

• माइल्ड हायब्रिडवाले, तुमचं गणित वेगळं! २०१५ च्या सियाझ-अर्टिगा डिझेल एसएचव्हीएसमध्ये हाय व्होल्टेज पॅक नाहीच, सगळा कारभार १२ व्होल्टवर. सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं तर आधी बॅटरी आणि मग स्टार्टर-जनरेटरचा पट्टा तपासा. चार्जर किंवा जंपची मायनस केबल थेट बॅटरीच्या टोकावर लावू नका, बॉडीच्या अर्थला लावा. त्या टोकावर बॅटरीचा हिशोब ठेवणारा सेन्सर असतो, त्याचा हिशोब चुकतो.

• केशरी केबल दिसली की हात मागे. कितीही मोह झाला तरी!

आणि हो, मागच्या सीटवर कुणी आजी बसत असेल तर तिला अधूनमधून विचारत जा, "आज गाडीला दम लागतोय का?"

आमच्या आजीने आता गोधडी मांडीवर घ्यायला सुरुवात केलीय. कारण विचारलं तर म्हणते, "तिलापण श्वास घेऊ दे की!"